टिकटिक कुठून येते?

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड असायचा आणि मराठीच्या तासाला इंग्लिश बोललं की बाई चिडायच्या, त्यामुळे माझी मराठी थोडी गोंधळलेली आहे. ऱ्हस्व-दीर्घ मॅगझिनच्या टीमने सुधारलंय, उरलेल्या चुका माझ्या. 'मेकॅनिकलची आहेस, इंग्लिश सेक्शनला टेक्निकल आर्टिकल दे ना' असं दोघातिघांनी सुचवलं होतं. पण ज्या सायकलबद्दल लिहायचंय तिच्याविषयी आमच्या घरात कधी कोणी इंग्लिशमध्ये बोललेलं नाही. ती रुसते, तिला तेल घालावं लागतं, रात्री तिला जिन्याखाली 'झोपवतात'. हे सगळं इंग्लिशमध्ये कसं लिहिणार?

सायकल रॅलेची आहे. काळी, २८ इंची, केबलऐवजी सळयांवर चालणारे ब्रेक, चामड्याची सीट आणि हँडलखाली बगळ्याचं डोकं असलेला बॅज. माझ्या आजोबांनी ती १९६४ साली सेकंडहँड घेतली. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, रोज कसबा पेठेतून खडकीला जायचे. तेव्हा पुण्यात सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा, आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस पकडायचे. तो बिल्ला अजून आमच्या कपाटात आईच्या बांगड्यांच्या डब्यात आहे. आजोबांनंतर सायकल बाबांकडे आली. बाबा बाजीराव रोडवरच्या एका बँकेत होते. घरी स्कूटर होती, पण बँकेत जायचं ते सायकलवरच. सारसबाग, पर्वती पायथा, मग सहकारनगरचा चढ, की आमचं घर.

हा चढ महत्त्वाचा आहे, म्हणून नीट सांगते. संध्याकाळी पावणेसातला मी बाल्कनीत उभी असायचे. बाबा चढ चढत असताना काहीही आवाज यायचा नाही. चढ संपून सायकल आमच्या सपाट गल्लीत वळली की टिक टिक टिक टिक सुरू व्हायचं. दिसायच्या आधी ऐकू यायचं. लहानपणी माझी थिअरी अशी होती की चढावर सायकल दमते म्हणून गप्प बसते, आणि घर आलं की खूश होऊन बोलायला लागते. बाबांनी ही थिअरी कधी खोडून काढली नाही. 'असेल' म्हणायचे.

आवाज यायचा तो मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या जाड, डब्यासारख्या हबमधून. त्यावर बारीक अक्षरांत 'स्टर्मी-आर्चर' आणि 'एडब्ल्यू' असं कोरलंय, शेजारी ५२ हा आकडा. म्हणजे हब १९५२ सालचं. ही कंपनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची, रॅलेही तिथलीच. एडब्ल्यू हे त्यांचं तीन गिअरचं हब १९३६ साली बाजारात आलं आणि ते इतकं टिकलं की २००० साली नॉटिंगहॅमचा कारखाना बंद होऊन नाव आणि मशिनरी तैवानच्या कंपनीकडे गेली, तरी त्याची पुढची पिढी बनतच राहिली. हँडलच्या उजव्या बाजूला एक छोटा खटका असतो. १, २, ३. बस.

मी या सायकलवर दांडीखालून पाय घालून शिकले, कारण सीटवरून माझे पाय पुरतच नव्हते. गिअर बदलण्याचा बाबांचा नियम एकच होता: खटका दाबायच्या आधी पॅडल थांबवायचं. विशेषतः दोनमधून तीनमध्ये जाताना. 'दोन आणि तीनच्या मध्ये काहीच नसतं,' असं ते म्हणायचे. मला वाटायचं हे त्यांचं काहीतरी तत्त्वज्ञान आहे. मग एकदा लक्ष्मीनगरजवळ मी घाईत खटका अर्धवट ढकलला, उभी राहून जोरात पॅडल मारलं, आणि पाय सरळ हवेत गेला. हनुवटी हँडलवर आपटली. तीन टाके. म्हणजे खरंच काहीच नसतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तेल. हबवर एक छोटं टोपण असतं, ते उघडून बाबा शिलाई मशीनच्या तेलाच्या लांब नळीच्या बुधलीतून थेंब सोडायचे आणि मी मोजायचे. सहा. सात झाले तर पुसून काढायचे, जणू काही औषधच.

बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. त्या महिन्यात काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. अकरा दिवस, आणि त्यातले शेवटचे सहा दिवस फोनही नाही. मी दहावीत होते. त्या वर्षी आमची बोर्डाची परीक्षा रद्द झाली, लोक 'लकी बॅच' म्हणायचे. सायकल जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेली होती, खटका दोनवर. मी तो हलवला नाही.

फर्स्ट इयरला मी बसने आले. सेकंड इयरला, जून २०२४ मध्ये, सायकल बाहेर काढली. टायर-ट्यूब नवीन, ब्रेकचे रबर नवीन, बाकी सगळं चालत होतं. टिकटिकसुद्धा. पहिल्या दिवशी गल्लीत वळले तेव्हा आई बाल्कनीत होती. ती आत निघून गेली. आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

गडबड डिसेंबरमध्ये सुरू झाली. आमच्या घरून कॉलेजला यायचं म्हणजे पद्मावतीवरून सातारा रोडला लागून कात्रजच्या दिशेने चढायचं. सकाळी सव्वासातला निघाले, चढावर पहिला गिअर टाकला, आणि पॅडल फुकट फिरायला लागलं. दोनवर टाकलं, चाललं. पुन्हा एक, पुन्हा फुकट. दुपारी परत जाताना मात्र तीनही गिअर व्यवस्थित! दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी पहिला गिअर गायब, दुपारी हजर. मी सायकलवाल्या काकांकडे गेले ते अर्थातच दुपारी. त्यांनी चक्कर मारून आणली आणि म्हणाले, 'काही झालेलं नाही.' आयटीच्या माझ्या मैत्रिणीच्या मते हा क्लासिक बग आहे, बघायला माणूस आला की नाहीसा होणारा. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काका म्हणाले, 'याचे पार्ट आता मिळत नाहीत. चाक बदल, साधं फ्रीव्हील टाकून देतो, कटकट नको.' मामाचं म्हणणं, अशी हब जमवणारे लोक असतात, विकून टाक, चांगले पैसे येतील. दोघांचंही चूक नव्हतं. मी दोन दिवस खरंच विचार करत होते.

मग एका सकाळी एक गोष्ट लक्षात आली, जी खरं तर पहिल्याच दिवशी लक्षात यायला हवी होती. सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये सायकल चालते, पण टिकटिक येत नाही.

इथे थांबून आत काय असतं ते सांगते. (कॉम्प्युटरवाल्यांनो, पळू नका, गणित एका भागाकाराचं आहे.)

हल्लीच्या गिअरच्या सायकलला मागे सहा-सात चक्रं असतात आणि चेन एकावरून दुसऱ्यावर उडी मारते. आमच्या सायकलची चेन कुठेही जात नाही. मागे एकच १८ दात्यांचं चक्र आहे, पुढे ४८ चं. बदल होतो तो हबच्या पोटात. हबचा अ‍ॅक्सल नटांनी घट्ट बसलेला असतो, तो फिरत नाही. त्याच्या मधोमध अ‍ॅक्सलवरच २० दाते कापलेले असतात. हा सूर्य. सूर्याभोवती चार छोटे गिअर, प्रत्येकी २० दात्यांचे, हे ग्रह. चारही ग्रह एका पिंजऱ्यात बसवलेले. आणि सगळ्यांच्या बाहेरून एक कडं, ज्याला आतल्या बाजूने ६० दाते. सूर्य स्थिर, ग्रह त्याच्याभोवती फिरतात, यात कोपर्निकसला तरी काही आक्षेप नसावा.

आता कडं फिरवलं तर ग्रह सूर्यावर लोळत पुढे जातात आणि पिंजरा फिरतो, पण कड्यापेक्षा सावकाश. किती सावकाश? ६० भागिले ६० अधिक २०, म्हणजे पाऊण. कड्याचे चार फेरे, पिंजऱ्याचे तीन. उलट पिंजरा फिरवला तर त्याच्या तीन फेऱ्यांत कड्याचे चार. अख्ख्या हबचं गणित हे एवढंच. हेच एपिसायक्लिक गिअर ट्रेन म्हणून आपल्याला सेकंड इयरला असतं. मी ते टेबल करून, प्लस वाय, प्लस एक्स घोकून, पूर्ण मार्क मिळवले होते. वर्गातल्या कोणी 'हे प्रत्यक्षात कुठे वापरतात' असं विचारलं तेव्हा सरांनी ऑटोमॅटिक गाड्यांचं उदाहरण दिलं आणि मी ते वहीत लिहून घेतलं. माझी सायकल तेव्हा खाली पार्किंगमध्ये उभी होती!

चेनची ताकद आत येते ती अधिक चिन्हाच्या आकाराच्या एका क्लचमधून. खटका दाबला की केबल आणि टोकाची बारीक साखळी या क्लचला अ‍ॅक्सलवरून सरकवते. केबल ढिली सोडली तर क्लच पिंजऱ्याला पकडतो, पिंजरा कड्याला पळवतो, आणि कडं हबला फिरवतं. चाक चेनच्या सव्वापटीहून थोडं जास्त, नेमकं सांगायचं तर चार तृतीयांश पट वेगाने फिरतं. हा तिसरा गिअर. (म्हणूनच केबल तुटली तर सायकल आपोआप तिसऱ्यात जाते, आणि घर चढावर असेल तर उतरून ढकलावी लागते.) केबल अर्धी ओढली तर क्लच कड्याला पकडतो आणि कडं हबला फिरवतं. एकास एक. हा दुसरा. पूर्ण ओढली तर क्लच कड्यालाच फिरवतो, पण जाता जाता कड्याची हबवरची पकड सोडवून टाकतो. मग हबला फिरवायचं काम पिंजऱ्याकडे येतं, पाऊणपट वेगाने. हा पहिला. आमच्या सायकलवर पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्यात पहिल्यात साधारण साडेचार मीटर, दुसऱ्यात सहा आणि तिसऱ्यात आठ मीटर जाता येतं.

दोन आणि तीनच्या मध्ये क्लचने कडं सोडलेलं असतं आणि पिंजरा अजून पकडलेला नसतो. माझे तीन टाके त्या मिलिमीटरभर जागेतले आहेत.

आता ही 'पकड' म्हणजे काय? पॉल. सायकलवाले काका त्यांना कुत्ते म्हणतात. नखासारखा तिरका तुकडा, मागे केसाएवढी बारीक स्प्रिंग. एका दिशेने तो हबच्या आतल्या खाचेत अडकून हबला ओढतो, आणि हब त्याच्यापेक्षा जोरात फिरत असेल तर खाचांवरून नुसता घसरतो. प्रत्येक खाचेवरून घसरताना एक टिक. हबमध्ये अशा दोन जोड्या आहेत. उजवीकडे कड्याची, डावीकडे पिंजऱ्याची. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये हबला कडं फिरवत असतं. पिंजराही फिरतच असतो, पण मागे पडतो, म्हणून त्याचे पॉल घसरत राहतात. ती टिकटिक. पहिल्या गिअरमध्ये तेच पॉल हबला ओढत असतात, त्यामुळे आवाज नाही.

म्हणजे माझी लहानपणची थिअरी बरोबर उलटी होती. चढावर सायकल गप्प व्हायची, कारण एरवी टिकटिक करणारे ते दोघं त्या वेळी बाबांना वर ओढत असायचे.

आता माझ्या दोन तक्रारी बघा. सकाळी पहिला गिअर लागत नाही. सकाळी दुसऱ्यात टिकटिक येत नाही. दोन्ही कामं एकाच जोडीची, डावीकडच्या पॉलची. ते आत चिकटून बसलेत, बाहेर येतच नाहीत. आणि दुपारी सुटतात. सकाळी आणि दुपारी काय बदलतं? तापमान. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १०-१२ अंश, दुपारी २८-३०. इथपर्यंत मी लेक्चरच्या वहीच्या मागच्या पानावर पोचले होते. पण तेल कितीही जाड झालं तरी एवढ्याशा थंडीत गोठतं कसं?

वर्कशॉपच्या सरांनी हब उघडायला परवानगी दिली. अट एकच, सुटलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचा आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा. तुम्ही कधी असं हब उघडणार असाल तर उजव्या बाजूची मोठी बॉल रिंग सोडवण्याआधी तिच्यावर आणि हबवर खूण करून ठेवा. तिचे आटे दोन ठिकाणांहून सुरू होतात, चुकीच्या ठिकाणी लावली तर चाक एका बाजूला सरकतं. पंच ठेवून हातोडीचे बरेच ठोके घातल्यावर रिंग सुटली आणि सगळा ऐवज एका तुकड्यात बाहेर आला. सूर्य, ग्रह, पिंजरा, सगळं. ७२ वर्षांचे दाते, हात लावून बघितले, झीज जवळजवळ नाही. सरसुद्धा दोन मिनिटं नुसते बघत राहिले.

डाव्या टोकाच्या पॉलभोवती पांढरं, लोण्यासारखं काहीतरी गच्च बसलं होतं. मी बोटावर घेतलं तर बोटाच्या उबेने विरघळायला लागलं. आणि वास आला. खवट खोबऱ्याचा.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, हे पुण्यातल्या कुठल्याही मुलीला सांगावं लागत नाही. थंडीत बाटली बंबाशेजारी ठेवतात. आणि ते हबमध्ये कोणी घातलं हेही मला लगेच कळलं. मीच. मे २०२१ चा पहिला रविवार होता. बुधलीतलं मशीनचं तेल संपलेलं, दुकानं बंद. मी आईची खोबरेलाची बाटली घेतली, थेंब मोजले आणि टोपण लावून टाकलं. तेल म्हणजे तेल. जूनमध्येही घातलं. मग मला ते सहन होईना, मी सोडून दिलं. म्हणजे बाबांनी इतकी वर्षं जपलेलं हब मी दोन रविवारांत जाम केलं होतं. सरांसमोर रडायला येऊ नये म्हणून मी डिझेलचा डबा घेऊन एकेक पॉल धूत बसले. पांढरा थर फक्त डावीकडे का, याचा मी लावलेला अर्थ असा की तीन वर्षं सायकल डावीकडे कललेली उभी होती, तेल तिकडेच उतरलं.

धुता धुता एक शंका आली. मी घातले एकूण बारा थेंब. चमच्याचा एक कोपरा भरेल एवढे. हा पांढरा गोळा तर अर्धा चमचा होता, शिवाय जे गळून गेलं असेल ते वेगळं.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला सांगितलं. बाटलीचं, मे महिन्याचं, सगळं. माफी मागायची म्हणून शब्द जुळवूनच गेले होते. आई भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

'मी पण घालत होते गं,' ती म्हणाली. 'दर पहिल्या रविवारी. तू झोपलेली असायचीस.'

'कधीपासून?'

'तू बंद केलंस तेव्हापासून. जिन्याखाली गेले तर टोपणावर धूळ बसलेली दिसली.' मग थोड्या वेळाने, 'सहाच थेंब घालायचे. जास्त कधी नाही घातले.'

साडेतीन वर्षं. मी बाल्कनीतून ऐकत होते, आणि ती खाली जाऊन तेल घालत होती, आणि दोघींना एकमेकींचं माहीत नव्हतं. आम्हाला हसायला आलं, मग बाकीचंही आलं.

हब परत जोडायला मला दोन शनिवार लागले. एकदा सगळं बंद केल्यावर टेबलावर एक स्प्रिंग उरली. (सर म्हणाले, 'अभिनंदन, तू आता खरी मेकॅनिकल इंजिनीअर.') पॉलच्या दोन स्प्रिंग बदलल्या, बाकी सगळा माल १९५२ चाच. केबल लावतानाची एक खूण सांगून ठेवते, कारण काकांनाही ती माहीत नव्हती. खटका दोनवर ठेवायचा आणि उजव्या नटाच्या खिडकीतून आत बघायचं. साखळीला जोडलेल्या दांडीचा खांदा अ‍ॅक्सलच्या टोकाशी बरोबर एका पातळीत आला की गिअर जुळले. आत गेलेला असेल तर केबल ढिली आहे, बाहेर आलेला असेल तर ताणलेली. ते जुळवत असताना मला साखळीजवळच्या छोट्या नटावर लाल रंगाचा ठिपका दिसला, नेलपॉलिशचा असावा. बाबांनी कधीतरी बरोबर जागा सापडल्यावर खूण केली असणार. मी नट तिथपर्यंत फिरवला आणि खिडकीतून बघितलं. खांदा टोकाशी होता.

आता सकाळी सव्वासातलाही टिकटिक येते. सातारा रोडच्या चढावर बंद होते.

शिलाई मशीनच्या तेलाची नवीन बुधली आणलीय. पहिल्या रविवारी मला आठला उठवलं जातं. मी टोपण उघडते, थेंब सोडते, आई जिन्याच्या पायरीवर बसून मोजते. पाचव्या थेंबाला हात थांबला तर म्हणते, 'अजून एक.'